किती हुंडणावळ पडली?

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीनं मला तीन महिन्यांसाठी फ्रँकफुर्टला पाठवलं. पहिलीच ऑनसाइट, पासपोर्टवर पहिलाच शिक्का. कंपनीनं फॉरेक्स कार्ड दिलं होतं, पण त्यात पैसे यायला 'दोन वर्किंग डेज' लागणार होते. आयटीत काम करणाऱ्यांना ठाऊक असेल, हे दोन दिवस आठवडाभर चालतात. इकडे घरमालकीणबाईंना खोलीचं डिपॉझिट हवं होतं, आणि तेही रोख. जर्मनीबद्दल ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. आपल्याकडे पाणीपुरीवाल्याकडे क्यूआर कोड असतो, आणि तिथं कोपऱ्यावरच्या बेकरीच्या दारावर 'फक्त रोख' अशी पाटी!

मग स्टेशनवरच्या एका एटीएममध्ये मी माझं भारतातलं क्रेडिट कार्ड घातलं आणि ५०० युरो मागितले. मशीननं विचारलं, 'तुमच्या खात्यातून भारतीय रुपयांत वळते करू का? ४५,२०० रुपये.' परक्या देशातल्या मशीनवर आपला रुपया बघून मला चक्क बरं वाटलं. मी 'हो' दाबलं. चाळीस सेकंदांत नोटा बाहेर आल्या.

कार्डाचं बिल आलं तेव्हा मी हिशेब मांडून बसलो. त्या दिवशीच्या बाजारभावानं ५०० युरो म्हणजे साधारण साडेचाळीस हजार रुपये. माझ्या खिशातून सगळं मिळून गेले होते ४९,४००. जवळजवळ नऊ हजारांचा खड्डा, आणि तो एका नावानं नव्हे, सहा-सात वेगवेगळ्या ओळींत विभागलेला.

रविवारी व्हिडिओ कॉलवर हे रडगाणं मी घरी गात होतो. आई म्हणाली, गेले ते गेले, नीट जेव. मागच्या खुर्चीत आबा होते, माझे आजोबा, वय तेव्हा ८५. त्यांना वाटतं की व्हिडिओ कॉलवर ओरडून बोललं तरच जर्मनीपर्यंत पोचतं. ते ओरडले, "किती हुंडणावळ पडली म्हणालास?"

मला शब्दच कळला नाही. 'हुंडा' असं काहीतरी ऐकू आलं.

आबांचे वडील सांगलीला हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे दिवाणजी होते. तिथून हा शब्द घरात आलेला. हुंडी करून देताना सावकार जी रक्कम कापून घेतो, ती हुंडणावळ. पुढे वर्तमानपत्रांनी हाच शब्द परदेशी चलनाच्या भावासाठी वापरला. रुपयाला किती शिलिंग-पेन्स मिळतात, तो हुंडणावळीचा दर. म्हणजे माझ्या बिलातल्या त्या सहा-सात ओळींना मराठीत एक शब्द होता. आबांना तो येत होता, म्हणून त्यांनी थेट मुद्द्याचा प्रश्न विचारला. मला येत नव्हता, म्हणून मी मशीनला 'हो' म्हणालो. त्या हिवाळ्यात संध्याकाळी चार वाजता अंधार पडायचा. खोलीत बसून या शब्दाच्या मागे लागण्याखेरीज मला दुसरं काही काम नव्हतं.

आधी हुंडी. तुम्हाला काशीला जायचंय आणि वाटेत चोर-पेंढारी आहेत. मग रोकड बरोबर न्यायची नाही. गावच्या सावकाराकडे पैसे भरायचे, तो काशीतल्या त्याच्या ओळखीच्या पेढीवर चिठ्ठी लिहून देतो की अमक्याकडून रक्कम पोचली आहे, तिकडे इतके रुपये द्यावेत. दाखवताक्षणी पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. पेठेतल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या, म्हणजे 'शहा'च्या हातीच पैसे द्यायचे, ती शहाजोग. आज आपण एखाद्याला तिरकसपणे 'मोठा शहाजोग लागून गेलास' म्हणतो, तो शब्द या पेढीवरचा आहे.

इंजिनियर म्हणून मला सगळ्यात आवडली ती हुंडीवर रक्कम लिहायची पद्धत. एक हजार रुपये असतील तर नुसते '१०००' लिहून भागत नसे. 'रुपये एक हजार, निमे पाचशे, त्याचे दुप्पट' अशा धर्तीवर लिहीत. कुणी एक शून्य वाढवलं तर निम्म्याशी मेळ बसणार नाही आणि चोरी पकडली जाईल. याला आम्ही चेकसम म्हणतो. गंमत अशी की आज तुमच्या-माझ्या कार्डावरच्या सोळा आकड्यांतला शेवटचा आकडाही चेकसमच असतो. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५४ साली ती रीत पेटंटसाठी मांडली. त्यात एक आड एक आकड्याची दुप्पट करून बेरीज घेतात. म्हणजे तिथंही दुप्पटच!

हुंडी हरवली तर 'पेठ' द्यायची, म्हणजे दुसरी प्रत. तीही हरवली तर 'परपेठ'. समोरच्या पेढीनं पैसे द्यायला नकार दिला तर काय, याचीही सोय होती. त्याच गावातल्या दुसऱ्या कुणा भल्या माणसाच्या नावे 'जिकरी चिठ्ठी' बरोबर द्यायची. सर्व्हर पडला तर दुसरा सर्व्हर. हे सगळं आपल्या पेठांमध्ये चाललेलं होतं, आणि कॉलेजात मी चार वर्षं 'रिडंडन्सी' शिकलो ती जणू काल अमेरिकेत जन्मली अशा थाटात.

पण या सगळ्याच्या तळाशी प्रश्न एकच. परक्या गावात, जिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही, तिथला माणूस तुमच्या हातावर रोकड का ठेवेल? कुणाच्या तरी शब्दावर ठेवेल. त्या शब्दाची किंमत म्हणजे हुंडणावळ. शब्द चालेना झाला की काय होतं ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊ दिल्लीत होते, लष्कराला पैसा पुरेना. लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढून त्यांनी रुपये पाडले. परमुलखातून रोकड काढण्याचा तो सगळ्यात महाग मार्ग असणार.

युरोपातही हाच प्रश्न होता. फिरतीवर निघालेले श्रीमंत इंग्रज आपल्या बँकेचं पत्र घेऊन निघत, पण ते ठरावीक शहरांतल्या ठरावीक पेढ्यांवरच चाले. १७७२ मध्ये लंडनमधून रॉबर्ट हेरीस यांनी छापील रकमेची पत्रकं काढली, ती युरोपभरच्या अनेक शहरांत वटत. १८७४ मध्ये थॉमस कुकनं आपल्या पर्यटकांसाठी तशाच नोटा आणल्या. आणि १८९१ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसनं ट्रॅव्हलर्स चेक. कंपनीचा अध्यक्ष जेम्स फार्गो युरोपात फिरून आला होता आणि मोठ्या शहरांबाहेर त्याच्या पतपत्राला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून हा चेक निघाला असं सांगतात. एवढ्या मोठ्या कंपनीच्या अध्यक्षालाही बाहेरगावी कुणी ओळखेना, हे वाचून मला स्टेशनवरच्या माझ्या अवस्थेबद्दल जरा कमी वाईट वाटलं. त्या चेकची युक्ती साधी होती. विकत घेताना एक सही, वटवताना समोर दुसरी, आणि दोन्ही जुळल्या पाहिजेत.

आता हुंडणावळीचा दुसरा अर्थ, भाव. इथं गोष्ट आपल्याकडे येते आणि जरा गंभीर होते.

रुपया चांदीचा, पौंड सोन्याचा. १८७० नंतर चांदी घसरत गेली तसा रुपयाही घसरला. दोन शिलिंगांच्या आसपासचा रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या खाली गेला. त्या वर्षी सरकारनं लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणं बंद केलं आणि पुढं भाव १ शिलिंग ४ पेन्सला धरून ठेवला. पहिल्या महायुद्धात चांदी उलटी चढली, आणि १९२० च्या सुरुवातीला रुपया दोन शिलिंगांच्या बराच वर गेला. सरकारनं दोन शिलिंगांचा भाव कायद्यानं टिकवायचा प्रयत्न केला. तो फसला, आणि १९२१ मध्ये रुपया पुन्हा १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली.

हे आकडे रटाळ वाटत असतील तर लंडनमधल्या एका भारतीय विद्यार्थ्याच्या जागी उभे राहा. घरून १०० रुपये आले. दोन शिलिंगांच्या भावानं हातात १० पौंड. सोळा पेन्सच्या भावानं ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. रुपये तेवढेच, पण खोलीभाडं आणि पाव-दूध कुठल्या तरी कमिटीच्या निर्णयावर अवलंबून.

नेमक्या याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये होते. पैशाअभावी अर्धवट सोडावं लागलेलं शिक्षण पूर्ण करायला ते १९२० मध्ये पुन्हा तिथं गेले. त्यामागं नोकरीतून साठवलेले पैसे, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत होती. त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो रुपयाचा. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाचा बाहेरचा भाव सरकारच्या हातानं सावरत बसण्याची जी व्यवस्था होती, जिची केन्स यांनी तरफदारी केली होती, तिच्यावर त्यांनी टीका केली. देशातल्या माणसाला रुपयात काय विकत घेता येतं, ते आधी स्थिर राहिलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं. मी हे पुस्तक पूर्ण वाचलं असा दावा करणार नाही. निम्म्यात धाप लागली. पण रुपयांच्या हिशेबानं परदेशात दिवस काढलेल्या माणसानं ते लिहिलंय हे ध्यानात ठेवून वाचलं की ते नुसतं अर्थशास्त्र राहत नाही.

१९२७ मध्ये भाव कायद्यानं १ शिलिंग ६ पेन्स ठरला. म्हणजे एका पौंडाला १३ रुपये ३३ पैसे. हा आकडा किती टिकला असेल? १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं तेव्हा रुपयानंही बरोबरच खाली उडी मारली, त्यामुळे दोघांमधलं अंतर तेच राहिलं. ते तुटलं थेट ६ जून १९६६ ला. त्या दिवशी रुपयाचं अवमूल्यन होऊन डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला आणि पौंड २१ रुपयांवर. पुढच्याच वर्षी आबा विमानात बसले.

मी जानेवारीत परत आलो, तेव्हा आबांनी कपाटातून त्यांचा जुना पासपोर्ट काढून ठेवला होता. गिरण्यांची यंत्रं बनवणाऱ्या मुंबईतल्या एका कारखान्यानं त्यांना १९६७ मध्ये आठ महिन्यांच्या ट्रेनिंगला इंग्लंडमध्ये ओल्डहॅमला पाठवलं होतं, एवढं मला माहीत होतं. पासपोर्टची मागची पानं मी कधी पाहिली नव्हती. तिथं व्हिसाचे शिक्के नव्हते, परकीय चलनाचे होते. कोणत्या तारखेला, कोणत्या बँकेनं, किती चलन दिलं, खाली सही. आबांच्या पानावर शाईत लिहिलं होतं: तीन पौंड.

"एवढेच?"

"एवढेच. साठ-बासष्ट रुपये झाले."

त्या पिढीच्या लोकांकडून 'मी खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेत उतरलो' ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मला ती नेहमी जरा फुगवलेली वाटायची. पण एका पौंडाला २.८० डॉलर या तेव्हाच्या भावानं तीन पौंडांचे ८.४० डॉलर होतात. दोन्ही एकच रक्कम. ती गरिबीची खूण नव्हती. घरी लाख रुपये असते तरी बाहेर तेवढेच नेता आले असते.

त्याची मुळं १९३९ मधली. दुसरं महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारनं परकीय चलनावर नियंत्रण आणलं. युद्ध संपलं, इंग्रज गेले, नियंत्रण राहिलं. १९४७ मध्ये त्याचा कायदा झाला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत यंत्रसामग्रीची आयात वाढली आणि १९५७ पासून गंगाजळी आटू लागली. प्रत्येक पौंड मोजून खर्च व्हायला लागला. धान्य आणायचं, यंत्रं आणायची, की कुणाला लंडन बघायला पाठवायचं? सरकारच्या जागी कुणीही असतं तरी उत्तर तेच आलं असतं, असं मला वाटतं. मौजेखातर परदेशी जाणं जवळपास संपलं. विमानाचं तिकीट काढायलाही रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीचा 'पी फॉर्म' लागे. १९७३ मध्ये हा कायदा आणखी कडक झाला, तोच फेरा. परवानगीविना डॉलर बाळगणं हा फौजदारी गुन्हा.

आबांना तिकडे राहण्या-जेवण्यापुरता भत्ता तिथल्या कारखान्याकडून आठवड्याला मिळायचा. त्यातून वाचवून नोव्हेंबरपर्यंत त्यांनी २२ पौंड साठवले होते. १८ नोव्हेंबर १९६७ ला ब्रिटननं पौंडाचं अवमूल्यन केलं. या वेळी रुपयानं मात्र बरोबर उडी मारली नाही, त्यामुळे पौंड २१ रुपयांवरून १८ वर आला. "एका रात्रीत सहासष्ट रुपये गेले," आबा म्हणाले. त्यांना आज सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण हे आठवतं.

डिसेंबरात तार आली. त्यांची आई गेली होती.

हे मला माहीत नव्हतं. ते परदेशात असताना पणजी वारली, एवढीच घरातली गोष्ट होती. आबांनी पासपोर्टचं पान बोटानं सारखं करत सांगितलं, की परतीचं तिकीट कारखान्यानं मुंबईत रुपयांत काढलेलं, ट्रेनिंग संपल्यावरचं. मध्येच जाऊन परत यायचं तर दुसरं तिकीट लागणार, त्याचे पैसे पौंडांत. २२ पौंडांत काही होण्यासारखं नव्हतं. पोस्टात त्यांच्या नावावर अकराशे रुपये होते. "पैसे होते रे. पण मुंबईत होते." भावानं मुंबईहून रुपये भरून तिकीट पाठवायचं म्हटलं, तर त्याला फॉर्म, मंजुरी, फोर्टात खेटे. ते होईस्तोवर तेरावा उलटून गेला असता. मग ते दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

मला काय बोलावं ते सुचेना. मी नऊ हजारांबद्दल दोन महिने कुरकुरत होतो.

आबा ओल्डहॅममध्ये होते त्याच वर्षी, २७ जून १९६७ ला, लंडनजवळ एनफिल्डला बार्कलेज बँकेनं भिंतीत एक यंत्र बसवलं. जगातलं पहिलं एटीएम म्हणून ते ओळखलं जातं. ते बनवणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. त्या यंत्रात प्लास्टिकचं कार्ड नव्हतं. बँकेकडून आधी खास कागदी चेक घ्यायचे, ते आत सरकवायचे, आणि एका वेळी मिळायचे फक्त १० पौंड. आबांनी ते यंत्र पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी त्यांचं खातं सांगलीच्या आणि मुंबईच्या पोस्टात!

कार्डाची गोष्ट त्याआधी सुरू झाली होती. १९५० मध्ये न्यूयॉर्कात डायनर्स क्लब, मुख्यतः हॉटेलात जेवण उधार खाण्यासाठी. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकानं कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात सुमारे ६०,००० कार्डं न मागता लोकांना पोस्टानं पाठवून दिली. मध्ये बऱ्याच भानगडी झाल्या, लबाड्या, बुडीत कर्जं. मग डी हॉक नावाच्या माणसानं अनेक बँकांना एका जाळ्यात बांधलं, आणि १९७६ मध्ये त्या जाळ्याचं नाव ठेवलं व्हिसा, कारण हा शब्द बहुतेक भाषांत सारखाच उच्चारला जातो. परदेशात शिरायच्या परवानगीचं नावही तेच. भारतातल्या माणसाला तेव्हा हे दोन्ही व्हिसा मिळणं मुश्कील होतं.

भारतात डायनर्स क्लब १९६१ मध्ये आला, आणि १९८० मध्ये सेंट्रल बँकेनं सेंट्रलकार्ड काढलं. पण ही पत देशाच्या हद्दीवर संपायची. माझ्या बाबांच्या जुन्या कार्डावर बारीक अक्षरांत छापलेलं मला आठवतं: 'फक्त भारत आणि नेपाळमध्ये वैध'. लहानपणी मला वाटायचं की बँकेला नेपाळ विशेष आवडतो.

मग १९९१. गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, सोनं गहाण पडलं, जुलैत दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं. १९९३ मध्ये भाव बाजारावर सोडला. १९९४ मध्ये प्रवास, शिक्षण, उपचार अशा खर्चासाठी रुपया परिवर्तनीय झाला. १ जून २००० पासून फेराच्या जागी फेमा आला. परकीय चलनाचा गुन्हा फौजदारीतून दिवाणीत गेला. कार्डांवरून 'भारत आणि नेपाळ' हळूहळू पुसलं गेलं. २००४ मध्ये माणशी वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवायची मुभा मिळाली, आज ती अडीच लाख आहे. तीन पौंडांपासून इथपर्यंत यायला एक आयुष्य लागलं, आणि ते आयुष्य माझ्यासमोर खुर्चीत बसलेलं होतं.

आता माझ्या बिलाकडे परत, कारण आबांनी ते सोडलं नव्हतं. त्यांना ओळ न् ओळ समजावून हवी होती.

तुम्ही कार्ड यंत्रात घालता तेव्हा यंत्राच्या मालकाच्या बँकेकडून कार्डाच्या जाळ्यामार्फत तुमच्या बँकेला एक निरोप जातो. या निरोपाचा साचा ठरलेला आहे. १९८७ मध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय मानक निघालं, आयएसओ ८५८३. त्यात रकमेचा रकाना, चलनाचा रकाना (रुपयाचा आकडा ३५६, युरोचा ९७८), आणि व्यवहार कसला आहे तो रकाना. वस्तू विकत घेतली तर त्या रकान्याच्या सुरुवातीला ००. रोकड काढली तर ०१. माझे निम्मे पैसे या एका आकड्यानं खाल्ले.

दुकानात कार्ड वापरलं असतं तर बिलाची तारीख येईपर्यंत व्याज नाही. ०१ म्हटलं की बँकेच्या लेखी तुम्ही कर्ज काढलंत, आणि व्याज त्याच मिनिटापासून. माझ्या कार्डावर ते महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. वडिलोपार्जित सावकारालाही लाज वाटेल असा दर आहे हा. ३८ दिवसांचे झाले १,९७६ रुपये. शिवाय रोकड काढल्याबद्दल अडीच टक्के वेगळे, १,१३०. परदेशात रुपयांत व्यवहार केला म्हणून आणखी एक टक्का, ४५२. आणि या सगळ्या आकारांवर १८ टक्के जीएसटी.

पण सगळ्यात मोठा घास घेतला तो मशीनच्या त्या प्रेमळ प्रश्नानं. रुपयांत वळते करू का? मी 'नाही' म्हणालो असतो, तर रक्कम युरोतच गेली असती, कार्डाच्या जाळ्यानं बाजाराच्या जवळपासचा भाव लावला असता आणि माझ्या बँकेनं त्यावर साडेतीन टक्के आणि कर. 'हो' म्हटल्यामुळं भाव लावायचा अधिकार मशीनच्या मालकाकडे गेला. त्यानं एका युरोला ९० रुपये ४० पैसे लावले, बाजारात ८१ असताना. फक्त या एका ओळीचे ४,७०० रुपये, आणि ती बिलावर दिसतच नाही. ती भावात विरघळलेली असते.

आबांनी पेन्सिलीनं बेरीज केली. "शेकडा बावीस," ते म्हणाले. "आमच्या अण्णांच्या पेढीवर शेकडा एक सांगितली तर गिऱ्हाईक भांडायचं."

"तेव्हा भांडायला समोर माणूस होता, आबा."

"आणि त्याला एकच आकडा सांगावा लागायचा."

बिलात त्याची नावं आहेत: मार्कअप, कॅश ॲडव्हान्स फी, फायनान्स चार्जेस, डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. प्रत्येक नाव वेगळं वाचलं की किरकोळ वाटतं. तेव्हापासून मी परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मित्राला दोन गोष्टी सांगतो. क्रेडिट कार्डानं दुकानात खुशाल खर्च करा, रोकड मात्र डेबिट किंवा फॉरेक्स कार्डानं काढा. आणि मशीननं रुपये दाखवले की 'नाही' दाबा, त्याच्या स्थानिक चलनातच राहा.

मला वाटलं होतं गोष्ट इथं संपली. मग २०२३ चा मे आला. १६ तारखेला सरकारनं एका अधिसूचनेनं परदेशातला क्रेडिट कार्डाचा खर्चही त्या अडीच लाख डॉलरच्या मोजमापात आणला. डेबिट आणि फॉरेक्स कार्ड त्यात आधीपासून होतीच, २००० पासून सूट होती ती क्रेडिट कार्डाला. सोबत भीती होती ती २० टक्के टीसीएसची, म्हणजे आधी कापला जाणारा कर. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दिवसभर दुसरं काही काम झालं नाही. तीनच दिवसांत सरकारनं सांगितलं की वर्षाला सात लाखांपर्यंत कापणार नाही. जूनअखेर क्रेडिट कार्डाचा तो निर्णयच पुढे ढकलला, तो अजून तसाच आहे.

आबांना मी बातमी वाचून दाखवली. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "मोजणारच की," म्हणाले. "माझे तीन मोजले होते."

मग त्यांनी माझा पासपोर्ट मागितला आणि मागची पानं उलटून बघितली. कोरी होती. "तू किती नेलेस ते कुठं लिहिलंय?" मी फोनवर बँकेचं ॲप उघडून दाखवलं. त्यात एक बटण आहे, परदेशातले व्यवहार चालू किंवा बंद करायचं. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्डावर ते बंदच असतं, बाहेर जाताना आपण चालू करायचं. आबांनी चष्मा सरकवून ते बटण नीट पाहिलं. हिरवं होतं, परत आल्यापासून मी तसंच ठेवलं होतं.

"हे दाबलं की झालं? फॉर्म नाही, फोर्टात जायला नको?"

"नाही."

ते थोडा वेळ फोन हातात धरून बसले. मग म्हणाले, "आता जाणार नाहीस ना इतक्यात? मग बंद कर. उगाच चोराला आमंत्रण."

मी बंद केलं.